टायटस सॉल्ट : गिरणीमालक, महापौर आणि बाबांचा एक प्रश्न

शिपलेकर | शनिवार, रात्री ९:४०

आई-बाबा सध्या आमच्याकडे इंग्लंडात आहेत. पावसाने जरा उघडीप दिली तसं गेल्या रविवारी त्यांना सॉल्टेअरला नेलं. आमच्या घरापासून कालव्याच्या कडेकडेने वीस-पंचवीस मिनिटांची चाल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ब्रॅडफर्डजवळचं हे गाव टायटस सॉल्ट नावाच्या लोकरीच्या गिरणीमालकाने वसवलं. १८५३ मध्ये गिरणी सुरू झाली आणि पुढच्या वीसेक वर्षांत तिच्याभोवती आठशेच्या वर दगडी घरं, प्रार्थनामंदिर, शाळा, दवाखाना, न्हाणीघरं, बाग, म्हाताऱ्यांसाठी वेगळी घरं असं सगळं उभं राहिलं. नदीचं नाव एअर, मालकाचं आडनाव सॉल्ट, म्हणून सॉल्टेअर. २००१ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. गल्ल्यांना त्याच्या बायकोची आणि मुलांची नावं आहेत. अकरा मुलं होती, त्यामुळे नावांचा तुटवडा पडला नसावा.

सॉल्टचा जन्म १८०३चा, लीड्सजवळच्या मॉर्लीचा. बाप लोकरीचा व्यापारी. १८४८-४९ मध्ये तो ब्रॅडफर्डचा महापौर होता, १८५९ ते ६१ खासदार, १८६९ मध्ये 'सर' झाला, १८७६च्या डिसेंबरात गेला. अंत्ययात्रा बघायला लाखभर माणूस रस्त्यावर होतं म्हणतात.

आता बाबांचं. बाबा लालबागचे. बारा वर्षं साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, दोन साच्यांवर. ८२च्या संपात बाहेर पडले ते परत आत गेलेच नाहीत. सॉल्टच्या गिरणीत आता चित्रांची दालनं आणि पुस्तकांचं दुकान आहे. आई चित्रं बघत होती, बाबा छताकडे बघत होते. ओतीव लोखंडाच्या खांबाला हात लावून म्हणाले, "इथून वर शाफ्ट गेला असणार." मग पायाने फरशी चाचपली, जसं काही अजून तिथे हादरा लागेल.

बाहेर आलो. मी रंगात येऊन सांगत होतो, प्रत्येक घराला पाणी, गॅस, स्वतंत्र संडास, १८५०च्या दशकात! बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घर मालकाचं. मग नोकरी गेली की घर पण गेलं ना रे?"

मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला येतं का? आणि 'चांगला मालक' असं खरंच काही असतं का?

चहाबिस्कीट | शनिवार, रात्री ९:५२

टाटांचं मीठ माहीत होतं, मिठाचे टायटस आज कळले.

खवचट_खान | शनिवार, रात्री १०:०५

चांगला मालक म्हणजे ज्याचं चरित्र पगारी माणसाने लिहिलंय तो.

आजोळकर | शनिवार, रात्री १०:३१

लेख आवडला. सॉल्ट म्हणजे अल्पाकावाला का? असेल तर आमच्या घरात त्याचा एक दूरचा नातेवाईक आहे.

आमच्या आजोबांच्या वडिलांचा अल्पाकाचा काळा कोट अजून ट्रंकेत आहे. ते जिल्हा कोर्टात वकील होते. कोट वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आधी, उन्हात टाकायचा हा घरचा कुळाचार. लहानपणी मला वाटायचं अल्पाका हे शिंप्याचं नाव. उन्हात त्या कापडाला एक चमक येते, रेशमाची नाही आणि लोकरीचीही नाही. कोपराला विरलाय, खिशाच्या तोंडाशी दोन रफू आहेत, पण बाकी कोट ठणठणीत. इतकी वर्षं डांबरगोळ्यांच्या वासात काढलीत बिचाऱ्याने.

शिपलेकर | शनिवार, रात्री १०:५५

@आजोळकर, तोच! त्याच्या धंद्याची मेखच ती. दक्षिण अमेरिकेतल्या अल्पाका नावाच्या जनावराची लोकर गाठींनी लिव्हरपूलच्या गोदामात पडून होती. लांब, चिवट, कुणाच्या यंत्राला दाद न देणारी. सॉल्टने १८३०च्या दशकात ती उचलली, दीडएक वर्ष तिच्याशी झटला आणि उभा धागा सुताचा, आडवा अल्पाकाचा असं चमकदार, हलकं कापड काढलं. बायकांच्या झग्यांना ते असं काही भावलं की फॅशनच झाली. व्हिक्टोरिया राणीने विंडसरला दोन अल्पाका पाळले होते, त्यांची लोकरसुद्धा कापड करायला ह्याच्याकडे आली होती. डिकन्सने आपल्या साप्ताहिकात १८५२ मध्ये ह्या गोदामाचा किस्सा चांगला मीठमसाला लावून छापलाय. अल्पाकावर आधी कुणी हात चालवला नव्हता असं नाही, पण त्यातून पैसा काढला तो ह्याने.

अवांतर: कोटाचा फोटो टाका.

मधुमालती | शनिवार, रात्री ११:१०

मीठमसाला :हाहा:

शुद्धलेखक | रविवार, सकाळी ७:१५

एक दुरुस्ती. ब्रॅडफर्डला 'सिटी'चा दर्जा १८९७ मध्ये मिळाला. सॉल्टच्या वेळी ते नुसतं 'बरो', म्हणजे नगरपालिकेचं गाव होतं, तेही १८४७ पासून. म्हणजे आपल्या हिशेबाने तो महापौर नसून नगराध्यक्ष. आणि पहिलाही नव्हे, दुसरा. पहिला रॉबर्ट मिलिगन.

खवचट_खान | रविवार, सकाळी ७:४०

रविवारी सकाळी सव्वासातला. _/\_

दप्तरदार | रविवार, सकाळी ११:२०

महापौर म्हणा की नगराध्यक्ष, पण त्या एका वर्षाबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितोय. माझ्या मते सॉल्टेअर कळायचं असेल तर गिरणी बाजूला ठेवून १८४९ बघावं.

आधी गाव डोळ्यांपुढे आणा. १८०१ मध्ये ब्रॅडफर्डची वस्ती तेरा हजार, १८५१ मध्ये एक लाखावर. पन्नास वर्षांत आठपट. नळ नाही, गटार नाही, दोनशेच्या वर धुराडी. गावातला ओढा आणि त्यावरचा कालवा म्हणजे उघडी मोरी. उन्हाळ्यात कालव्यातून निघणारा वायू पेटायचा अशाही कथा आहेत. १८४५च्या सरकारी पाहणीत ह्या गावाला देशातल्या सर्वांत घाणेरड्या गावांत वरचा मान मिळाला होता. गेऑर्ग वेर्ट नावाचा एक जर्मन कवी इथे कारकुनी करायला होता, त्याने लिहून ठेवलंय की ह्या बिळापुढे इंग्लंडातली बाकीची कारखान्यांची गावं स्वर्ग आहेत. त्यात लोकर विंचरायची यंत्रं आली आणि हाताने विंचरणारे हजारो लोक एकदम उघड्यावर पडले. मे १८४८ मध्ये चार्टिस्टांना (कामगारांना मताचा हक्क मागणाऱ्या चळवळीतल्या लोकांना) आवरायला गावात सैन्य आणावं लागलं. अशा वेळी, त्याच नोव्हेंबरात, सॉल्टच्या गळ्यात महापौरपदाची साखळी पडली.

पुढच्या उन्हाळ्यात कॉलरा आला. चारशेच्या वर माणसं गेली. कॉलरा पाण्यातून येतो हे तेव्हा सर्वमान्य नव्हतं, दुर्गंधीने येतो असंच बहुतेकांना वाटे. सॉल्टचा राग धुरावर होता. रॉडाचं धूर जाळणारं यंत्र त्याने आपल्या गिरण्यांच्या भट्ट्यांना बसवून घेतलं, धूर कमी होतो हे दाखवलं आणि नगरपालिकेला म्हणाला, सगळ्यांना बसवायला लावा. आता नगरपालिकेत बसलंय कोण? बाकीचे गिरणीमालक. ते मान डोलवत राहिले आणि धुराडी ओकत राहिली.

थोडक्यात, ज्या गावात सर्वांत मोठा धंदा त्याचा, ज्या गावाचा पहिला नागरिक तो, त्या गावात त्याला धुराडं बदलता आलं नाही. मग दोनेक वर्षांत त्याने गावाबाहेर, हद्दीच्या पलीकडे, नदीकाठी जमीन घ्यायला सुरुवात केली. सॉल्टेअर हे दानधर्माचं स्मारक आहे तसं हरलेल्या महापौराचंही आहे, असं मला नेहमी वाटतं.

चहाबिस्कीट | रविवार, सकाळी ११:४१

जबरदस्त प्रतिसाद. हा स्वतंत्र धागा व्हायला हवा.

आकडेमोड | रविवार, दुपारी १२:०८

पर्यटन माहितीपत्रकांत एक वाक्य असतं, 'त्या काळी ब्रॅडफर्डमध्ये सरासरी आयुष्य १८ वर्षं होतं'. दप्तरदारांनी ते लिहिलं नाही म्हणून अभिनंदन. अठरा हा आकडा मृत्यूच्या वेळच्या सरासरी वयाचा आहे. तान्ही मुलं इतकी दगावायची की सरासरी खाली ओढली जायची. विशीत पोचलेला माणूस पुढे चाळिशी-पन्नाशी बघायचा. अर्थात ह्याने काही बरं वाटतं अशातला भाग नाही. कामगारांची दहातली जेमतेम तीन मुलं पंधरा वर्षांची व्हायची.

खवचट_खान | रविवार, दुपारी १:१५

@दप्तरदार, लिहिता छान, पण 'हरलेला महापौर' वगैरे फार हळवं होतंय.

मी धंद्यातला माणूस आहे, तसं बघतो. १८५० मध्ये सॉल्टच्या ब्रॅडफर्डमध्ये पाच वेगवेगळ्या जागी गिरण्या. माल इकडून तिकडे न्यायचा खर्च, पाच ठिकाणचे मुकादम, पाच ठिकाणची चोरी. गावाबाहेर जमीन स्वस्त. एका अंगाला लीड्स-लिव्हरपूल कालवा, दुसऱ्या अंगाला रेल्वे, मध्ये गिरणी. लोकर एका दारातून आत, कापड दुसऱ्या दारातून बाहेर. बाराशे माग, दिवसाला तीस हजार यार्ड कापड! आता इतके कामगार रोज ब्रॅडफर्डहून आणणार कसे? घरं बांधावीच लागतात. आणि ४८ मध्ये गावात सैन्य बघितलेल्या मालकाला कामगार डोळ्यांसमोर, दारूच्या गुत्त्यापासून लांब आणि संघटनेपासून त्याहून लांब असलेले बरे वाटणारच. घरांचं भाडं घेत होता, फुकट नव्हती दिली.

हिशेबी माणूस होता. हिशेबी असणं वाईट नाही. पण आरती ओवाळू नका.

मधुमालती | रविवार, दुपारी १:४०

पण मग इतर हिशेबी मालकांनी का नाही बांधली? जमीन त्यांनाही स्वस्तच मिळाली असती.

खवचट_खान | रविवार, दुपारी १:४४

...जेवून येतो.

हिरवळ | रविवार, दुपारी ३:०२

गुत्त्यावरून आठवलं. सॉल्टेअरमध्ये एकही दारूचं दुकान असू द्यायचं नाही असा त्याचा दंडक होता. स्वतः मात्र पूर्ण निर्व्यसनी वगैरे नव्हता, घरी पाहुण्यांना वाइन मिळायची. मी तीन वर्षं लीड्सला होते, तेव्हा सॉल्टेअरच्या मुख्य रस्त्यावर एक बार होता. नाव काय असेल? 'डोन्ट टेल टायटस'. टायटसला सांगू नका!

तिथे बसून आम्ही सात मराठी मुलींनी चिप्सबरोबर मिरचीचा ठेचा खाल्लाय. तेही टायटसला सांगू नका.

शिपलेकर | रविवार, दुपारी ३:२०

:हाहा: आणि कपडे वाळत घालायचे नाहीत हाही एक. रस्त्यांतून दोऱ्या दिसलेल्या त्याला खपत नसत म्हणतात. म्हणून १८६३ मध्ये न्हाणीघर आणि वाफेवर चालणारी कपडे धुवायची यंत्रं असलेली इमारत बांधली. बायका तिकडे फारशा फिरकल्या नाहीत. आपले कपडे चारचौघांत कोण धुणार?

आईची तिथली पहिली प्रतिक्रिया हीच होती. गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून म्हणाली, "घरं सुरेख आहेत, पण माणसं राहत असल्यासारखं वाटत नाही. दोरीच नाही कुठे." आमच्या चाळीच्या गॅलरीत तीन मजल्यांच्या दोऱ्या होत्या. कुणाकडे बाळ झालंय, कुणाचा मुलगा नोकरीला लागलाय हे दोरीवरून कळायचं.

वाडीकर | रविवार, सायंकाळी ५:३५

किर्लोस्करवाडीचा उल्लेख अजून कसा आला नाही? आमचं बालपण तिथलं. १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणला. निवडुंग आणि साप ह्याखेरीज काही नव्हतं. तिथेही कारखाना आणि वसाहत हातात हात घालून वाढले. भोंग्यावर आमच्या घरातलं घड्याळ लावायचं. मला तिथे कधी कैद झाल्यासारखं वाटलं नाही. शाळा उत्तम, झाडं भरपूर, गणपतीत नाटकं. सगळ्याच मालकांना एका तराजूत तोलू नये.

मधुमालती | रविवार, सायंकाळी ५:५८

वाडीकरदादा, तुम्ही तिथे लहान होतात. वाटणारच नाही. तुमच्या वडिलांना काय वाटायचं?

वाडीकर | रविवार, रात्री ८:१२

खरंय ताई. विचारायचं राहून गेलं.

गुरांचा_डॉक्टर | रविवार, रात्री ९:०५

एक काळी बाजू. अल्पाका आणि मोहेरच्या (अंगोरा शेळीच्या लोकरीच्या) गाठी ब्रॅडफर्डला यायला लागल्यापासून लोकर निवडणाऱ्या कामगारांत एक रोग दिसायला लागला. सकाळी धडधाकट माणूस गाठ सोडून लोकर निवडायला बसायचा, दोन-तीन दिवसांत धाप लागून मरायचा. लोक त्याला लोकर निवडणाऱ्यांचा रोग म्हणत. १८८०च्या सुमारास ब्रॅडफर्डच्याच डॉ. जॉन हेन्री बेल ह्यांनी दाखवून दिलं की हा अँथ्रॅक्स आहे, म्हणजे आपली काळपुळी. जनावरांत आपण त्याला फाशी म्हणतो. मेलेल्या जनावराच्या लोकरीत जंतूंचे बीजाणू वर्षानुवर्षं टिकतात, गाठ झटकली की धुळीबरोबर सरळ फुफ्फुसात. नंतर गाठी आधी भिजवायच्या, पंख्याने धूळ खाली ओढून घ्यायची, असे नियम झाले.

सॉल्टला हे माहीत असायचं कारण नाही, रोगाचं मूळ सापडेपर्यंत तो गेला होता. पण आजोळकरांच्या कोटाची चमक वाचताना मला गाठ सोडणारा माणूस आठवला, म्हणून लिहिलं. आमच्याकडेही फाशीने मेलेलं जनावर फाडू नका, कातडं काढू नका, खोल पुरा, हे सांगून घसा कोरडा पडतो.

आजोळकर | रविवार, रात्री ९:३०

डॉक्टर, ह्या दसऱ्याला ट्रंक उघडताना हात कापणार आहे माझा.

गुरांचा_डॉक्टर | रविवार, रात्री ९:३४

अहो तयार कापडाची भीती नाही! धुऊन, रंगवून, इस्त्री होऊन आलंय ते. बिनधास्त घाला.

जनता_पक्ष | रविवार, रात्री १०:२०

इंग्रज मालकांच्या घरांचे गोडवे गाणाऱ्यांनी जरा इकडे बघावं. मुंबईत १८९०पर्यंत गिरणी कामगाराला आठवड्याची सुट्टी नव्हती. ती कुणा टायटसने दिली नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ पासून सभा घेऊन, सह्या गोळा करून मिळवली. आणि १८८१चा आपल्याकडचा पहिला फॅक्टरी कायदा आला त्यामागे लँकेशायरच्या मालकांचा रेटा होता. त्यांना आपल्या मजुरांचा कळवळा नव्हता, मुंबईचं स्वस्त कापड डोळ्यांत खुपत होतं. त्यामुळे 'दयाळू मालक' ही जातच मला मान्य नाही.

वाडीकर | रविवार, रात्री १०:३८

लोखंड्यांबद्दल सहमत. पण लँकेशायर सुताचं, यॉर्कशायर लोकरीचं. सॉल्ट यॉर्कशायरचा. तुम्ही शेजाऱ्याच्या पापाचं बिल ह्याच्या नावे फाडताय.

जनता_पक्ष | रविवार, रात्री १०:४०

मालक तो मालक. आडनाव काहीही असो.

वाडीकर | रविवार, रात्री १०:४३

हे असं बोलणं म्हणजे...

(पुढचे अकरा प्रतिसाद संपादित)

धागा-सांभाळ | रविवार, रात्री ११:५५

किर्लोस्कर विरुद्ध कामगार चळवळ ह्या सामन्यासाठी वेगळा धागा काढावा. इथे सॉल्ट चालू आहे. जखमेवर चोळू नये.

चहाबिस्कीट | सोमवार, सकाळी ८:०१

संपादकांनाही कोटी सुचली. धागा पावन झाला.

हिरवळ | सोमवार, सकाळी ९:२५

मिठाच्या कोट्यांवरून एक. ब्रॅडफर्डकरांनी सॉल्टचा पुतळा तो जिवंत असतानाच, १८७४ मध्ये, टाउन हॉलसमोर बसवला. ही कल्पना कानावर आली तेव्हा तो म्हणाला, म्हणजे ह्यांना माझा मिठाचा खांब करायचाय तर! (बायबलमध्ये मागे वळून पाहणाऱ्या लोटच्या बायकोचा मिठाचा खांब होतो, ती गोष्ट.) एरवी माणूस अगदी अबोल. खासदार म्हणून दोन वर्षांत संसदेत जवळजवळ तोंड उघडलं नाही, तब्येत बिघडली आणि राजीनामा देऊन घरी आला. पुतळा पुढे रहदारीला अडचण व्हायला लागला म्हणून १८९६ मध्ये लिस्टर पार्कात हलवला.

आपल्याकडे उलटं. पुतळा तिथेच राहतो, रहदारी हलवतात.

आकडेमोड | सोमवार, सकाळी १०:५०

पैशांचं काय झालं हेही सांगा कुणीतरी. सॉल्टने हयातीत पाच लाख पौंडांच्या आसपास दान केले असावेत असा अंदाज दिला जातो. तो गेल्यावर वारसांच्या हाती लोकांना वाटत होतं त्यापेक्षा बरंच कमी आलं.

दप्तरदार | सोमवार, दुपारी १२:३०

@आकडेमोड, सोळा वर्षांत धंदा गेला. अल्पाकाची फॅशन ओसरली होती, अमेरिकेने आयातीवर जबर कर बसवले, धाकट्या टायटसने जवळच एक राजवाड्यासारखं घर बांधलं होतं तो १८८७ मध्ये अचानक वारला. १८९२ मध्ये कंपनी बुडीत निघाली. ती घेणाऱ्यांत जेम्स रॉबर्ट्स होता, लहानपणी स्वतः गिरणीत कामाला लागलेला माणूस. (ह्याच रॉबर्ट्सने पुढे हॉवर्थचं ब्राँटे भगिनींचं घर विकत घेऊन ब्राँटे सोसायटीला दिलं.) गिरणी कशीबशी १९८६ पर्यंत चालली. पुढच्या वर्षी जोनाथन सिल्व्हर नावाच्या उद्योजकाने ती घेतली आणि ब्रॅडफर्डच्याच डेव्हिड हॉकनी ह्या चित्रकाराची चित्रं लावली.

आता मूळ प्रश्न. शिपलेकरांच्या वडिलांनी सगळ्या धाग्यात सर्वांत नेमकं विचारलंय आणि आपण दोन दिवस अल्पाका, दारू, पुतळे करत बसलो.

उत्तर: हो, घरं कंपनीची होती. मालक आणि घरमालक एकच. नोकरीची नोटीस आणि घराची नोटीस एकाच कचेरीतून निघू शकत होती. म्हाताऱ्यांसाठी पंचेचाळीस घरं होती, तिथे जोडप्याला आठवड्याला दहा शिलिंग आणि एकट्याला साडेसात शिलिंग पेन्शन मिळायचं. सरकारी म्हातारपणाचं पेन्शन इंग्लंडात १९०९ पासून मिळायला लागलं, म्हणजे हा त्याच्या चाळीस वर्षं पुढे होता. पण तिथे जागा मिळायला वर्तणूक चांगली हवी. चांगली कुणाच्या मते, हे सांगायला नको. कामगार संघटना त्याला पसंत नव्हत्या. म्हणजे मिळत होतं ते पुष्कळ होतं, बाहेर ब्रॅडफर्डमध्ये माणसं तळघरात मरत होती. पण मिळत होतं ते मर्जीवर होतं. हक्काचं घर व्हायला १९३३ साल उजाडलं. तेव्हा सगळी घरं ब्रॅडफर्डच्या एका मालमत्ता कंपनीला विकली गेली आणि तिच्याकडून हळूहळू राहणाऱ्यांनी विकत घेतली.

खानसाहेब आणि मधुमालती दोघेही बरोबर आहेत. हिशेब होताच, आणि तसाच हिशेब करून तसं गाव बांधणारे फार थोडे निघाले, हेही खरं.

खवचट_खान | सोमवार, दुपारी १२:४८

जेवून आलो. बाडिस, म्हणजे बाय डिफॉल्ट सहमत. (आयुष्यात पहिल्यांदा.)

मधुमालती | सोमवार, दुपारी १२:५१

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

शिपलेकर | मंगळवार, रात्री १०:१५

सर्वांचे आभार. काल रात्री जेवताना बाबांना दप्तरदारांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. कॉलरा आणि धुराडी ऐकताना ते जेवायचे थांबले होते. 'मर्जीवर' हा शब्द आला तेव्हा मान हलवली, पण काही बोलले नाहीत.

ताटं उचलल्यावर म्हणाले, "आमच्यात गिरणीच्या चाळीत राहणारे होते. संपात त्यांच्या पोटात जास्त गोळा यायचा. आपली खोली मालकाची नव्हती. म्हणजे चाळमालकाची होती, गिरणीवाल्याची नव्हती. संप फिसकटला, गिरणी गेली, ग्रॅच्युइटीला वर्षं लागली. पण खोलीतून कुणी काढलं नाही. पावती माझ्या नावावर होती."

दहा बाय बाराची खोली, संडास गॅलरीच्या टोकाला, सतरा बिऱ्हाडांत दोन नळ. मी सॉल्टेअरच्या घरांचं इतकं कौतुक करत होतो तेव्हा ह्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला तेव्हा कळलं.

आईने आतून सांगितलं, त्या पावत्या अजून आहेत. इकडे येताना घरी कुणी नाही म्हणून पासपोर्टच्या पाकिटात बरोबर घेऊन आलेत. बाबांनी काढून दाखवल्या. ८२च्या जानेवारीपासूनची गड्डी, सुतळीने बांधलेली. सुतळीला गिरणीतल्या विणकराची गाठ आहे, ती त्यांनी मला दोनदा सोडून बांधून दाखवली. मला अजून जमलेली नाही.

आजोळकर | मंगळवार, रात्री १०:४०

कोटाचा फोटो टाकतो. तुम्ही गाठीचा टाका.